न कापता ऐकणं

बिननाझ मावशी, टेबलावर येण्याआधी
तुम्ही मला हात दाखवलेत.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, मिठाने पांढरी पडलेली नखं.
चाळीस वर्षं चीज. सत्तर किलोचं एकेक चाक.
"लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं," म्हणालात,
"नि कान लावायचा. आत भोकं नीट धरलीत का
ते कापून बघायला गेलं, तर चाक गेलंच."

कार्समध्ये आज उणे एकोणीस.
तुमच्या वरच्या गावाचा रस्ता दुपारीच बंद झाला,
सून खाली जिन्यात बसलीय, बूट न काढता.

आता तुम्ही झोपलात.
घशात नळी, पापण्यांवर चिकटपट्टी.
ओरहुन बेंनी बेंबीपाशी चीर दिली, नखाएवढी,
आणि तिथून वायू आत सोडला.
तोच वायू, मावशी,
जो तुमच्या तळघरात, कुणी बघत नसताना,
चाकांच्या पोटात भोकं पाडतो.
तुमचं पोट वर आलं. टम्म झालं.
"बारा," गुलिझारने दाब वाचला.

शरीराला यातलं कुणी काही सांगितलेलं नसतं.
ते झोपेतही दचकतं.
आधी रक्ताला कळतं, मग आकड्याला,
मग मला.
गेल्या मंगळवारी सारिकामिशच्या त्या सुताराचा
एकशे ब्याण्णवला गेला होता,
पडद्यावर सगळं लाल, नि ओरहुन बे माझ्याकडे असे बघत होते
जणू रक्त मीच वर ढकलतेय.

म्हणून आज पंप आधीच लावला.
औषधाचं नाव इतकं लांब की गुलिझार नुसतं डेक्स म्हणते.
दहा मिनिटांत, सावकाश,
दुधात विरजण सोडावं तसं.
ही गुंगी आडदांड नाही.
ती रक्ताच्या खांद्यावर हात ठेवते, म्हणते, बस जरा.

एकशे अठ्ठावीस.
एकशे चौतीस.
चौतीस.
एकतीस.

एवढंच. एवढंच घडलं.
याची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही.
भूल देणाऱ्याची भूल झाली तर गावभर होते,
झाली नाही तर ती
जेवणात मीठ बरोबर पडल्यासारखी.

पण थांबा.
नाडी उतरतेय. चौसष्ट. पंचावन्न.
दाब राखायला ठेवलेला पहारेकरी
स्वतःच पेंगायला लागला.
सेहेचाळीस.
"ओरहुन बे, वायू कमी करा."
"आत्ता? नस हातात आहे माझ्या."
"आत्ता."
पंप अर्ध्यावर आणला. दुसरी सिरिंज भरलेली, बोट तिच्यावर.
टोचली नाही.
दोन ठोक्यांच्या मधे
एवढी जागा असते, मावशी,
की मला तिथे आठवलं,
माझा स्वतःचा दाब मी
गेल्या रमझानपासून मोजलेलाच नाही.

एकोणपन्नास.
त्रेपन्न.
अठ्ठावन्न.
कुणीतरी श्वास सोडला. गुलिझारने असावा.

मग उरलेलं काम. क्लिपा, धूर, पिशवी.
पित्ताशय त्या चिमुकल्या भोकातून बाहेर आलं
तेव्हा मूठभर खडे वाजले वाटीत.
सातच, पण एक जर्दाळूच्या बीएवढा.
ओरहुन बेंनी तो सुनेला दाखवायला बाजूला ठेवला.
मी काय दाखवू?
कागदावरची ती जवळजवळ सपाट रेघ?

"बिननाझ हानम," मी हाक मारली.
पहिल्याच हाकेला डोळे उघडलेत.
खोकला नाही, धडपड नाही.
कुणी मागच्या खोलीतून बोलावलं
नि तुम्ही ओल्या हातांनी दारात आलात, अशा.

काही विचारलं नाहीत.
चादरीखालून हात काढलात,
पट्टीच्या जरा बाजूला, पोटावर
बोटाच्या पेराने दोनदा ठोकलंत,
आणि मान कलती करून
थांबलात.